वीरगळांचे फोटो अपलोड केले की आडवे पडायचे, ते सरळ कसे केले त्याची गोष्ट

आमचा एक छोटा ग्रुप आहे. सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) आणि सतीशिळांच्या (सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड) नोंदी करतो, म्हणजे फोटो काढायचे, मापं घ्यायची, गावातली जाणती माणसं काय सांगतात ते लिहून घ्यायचं. कोल्हापूर सांगली सातारा या पट्ट्यात जवळपास प्रत्येक जुन्या देवळाच्या आवारात एखादा तरी वीरगळ असतोच, कुठे पाराला टेकवून ठेवलेला, कुठे अर्धा मातीत, कुठे पायरीला लावलेला. या सगळ्या नोंदी एका जागी असाव्यात म्हणून आमच्यातल्याच एका दादांच्या मुलाने साधी साईट बनवून दिली. गावाचं नाव टाकायचं, मापं टाकायची, फोटो अपलोड करायचा, झालं. आणि इथेच अडलं, कारण फोनमधे उभा दिसणारा फोटो साईटवर चढवला की आडवा पडायचा. सगळे नाही, काही. त्यामुळे जास्तच डोकं चालेना.

ज्यांनी वीरगळ नीट बघितला नसेल त्यांना वाटेल की आडवा तर आडवा, मान वाकडी करून बघा. पण वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा लढून पडलेला वीर, त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन चालल्यात, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि अगदी माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य, म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील. कुठे तीन चौकटी, कुठे चार, पण क्रम हाच. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांच्यावर तर समुद्रातली लढाई कोरलीय, होड्यांच्या रांगाच्या रांगा. तो फोटो आडवा लावला तर होड्या भिंतीवर चढताना दिसतील. हा दगड म्हणजे एक गोष्टच आहे आणि तिला खाल-वर आहे, ते गेलं की बघणाऱ्याला काही म्हणजे काही समजत नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी फोटो काढणाऱ्या माणसाला लगेच पटेल. हे सगळं उठावाचं काम, झिजलेलं. ते दिसतं फक्त तिरप्या उन्हात, सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, जेव्हा सावल्या पडतात. आणि आपल्या डोळ्याला सवय असते की उजेड वरून येतो. त्यामुळे असा फोटो उलटा झाला की उठाव खड्ड्यासारखा दिसायला लागतो, घोडा दगडातून बाहेर आलेला न दिसता आत कोरल्यासारखा दिसतो, खरंच, करून बघा एकदा. आडव्या फोटोतही डोळा गोंधळतो. म्हणून हे नुसतं दिसायला वाईट एवढ्यापुरतं नव्हतं, त्यावरून चुकीची नोंद होऊ शकते.

तर पहिल्यांदा सगळे जे करतात तेच आम्ही केलं. गॅलरीत फोटो उघडला, एडिटमधे जाऊन फिरवला, परत फिरवून सरळ केला, सेव्ह केला, अपलोड केला. काही फोनवरून केलं तर सरळ गेला, काहींवरून तसाच आडवा. मग कोणीतरी म्हणालं स्क्रीनशॉट काढून टाका. स्क्रीनशॉट सरळ जातो, त्यात प्रश्नच नाही, पण बारा मेगापिक्सेलचा फोटो स्क्रीनच्या मापाचा होतो, आणि झिजलेल्या शिलालेखाची दोन अक्षरं झूम करून बघायची असतील तर तिथे नुसता भुगा दिसतो. मग दुसरा उपाय आला, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, तो डाउनलोड करा, तो चढवा. तोही सरळ जातो. पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, दाबला जातो, आणि फोटोच्या आत जी माहिती असते, कधी काढला, कुठल्या फोनने काढला, कुठे काढला, ती सगळी जाते. नोंदीच्या कामात तारीख गेली म्हणजे निम्मी नोंद गेली. पोराच्या वाढदिवसाचा फोटो असेल तर हे दोन्ही उपाय चालतील, मी नाही म्हणणार नाही. आमच्या कामाला चालण्यासारखे नव्हते.

शेवटी त्या मुलालाच फोन केला. तो म्हणाला, "काकू, जो आडवा पडतोय त्याची मूळ फाईल पाठवा, आणि फोटो म्हणून नका पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मला बघायला काही उरणारच नाही." पाठवली. थोड्या वेळाने त्याचाच फोन, "काकू, फाईल मुळातच आडवी आहे."

मी म्हटलं अरे माझ्यासमोर फोनमधे उभी दिसतेय.

"दिसते. पण आहे आडवी. लॅपटॉप घेऊन बसा, दाखवतो."

त्याने मला एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. फिल हार्वे नावाच्या माणसाने २००३ पासून ते सांभाळलंय आणि फोटोच्या पोटात काय काय लिहिलंय ते सगळं ते बाहेर काढतं. दिसायला काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं, पण घाबरायचं कारण नाही. त्यात आमच्या फोटोची रुंदी ४००० आणि उंची ३००० आली. उभ्या फोटोची. आणि खाली एक ओळ होती, ओरिएंटेशन, त्याच्यापुढे रोटेट ९० सीडब्ल्यू, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० अंश फिरवून दाखवा.

इथून सगळं उलगडत गेलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

फोनच्या कॅमेऱ्यात जो सेन्सर असतो तो फोनमधे पक्का बसवलेला असतो, लांब बाजू फोनच्या लांबीला धरून. तुम्ही फोन उभा धरा नाहीतर आडवा धरा, सेन्सर आपल्या ठरलेल्या क्रमानेच ओळी वाचतो आणि बहुतेक फोन त्या तशाच आडव्या फाईलमधे ठेवतात. फोनमधे दुसरा एक सेन्सर असतो, ॲक्सेलरोमीटर, त्याला गुरुत्वाकर्षणाची ओढ कुठल्या बाजूला आहे ते कळतं, म्हणजे फोन कसा धरलाय ते कळतं. मग फोन फोटोचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, फिरवत बसत नाही, तो फाईलमधे फक्त एक आकडा लिहून ठेवतो. पार्सलच्या खोक्यावर 'ही बाजू वर' असं लेबल लावतात ना, तसं. खोकं आडवंच पडलेलं आहे, लेबल सांगतंय वर कुठली बाजू. आता उचलणाऱ्याने लेबल वाचलं तर ठीक.

हा आकडा १ ते ८ मधला असतो. १ म्हणजे आहे तसाच दाखवा. ३ म्हणजे पूर्ण उलटा करून दाखवा. ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा, आणि ८ म्हणजे त्याच्या उलट दिशेने ९०. उरलेले २, ४, ५, ७ आरशासारखे डावं-उजवं पलटलेल्या फोटोंसाठी, ते आम्हाला जवळजवळ दिसलेच नाहीत. फोन उभा धरून काढलेल्या आमच्या फोटोंमधे बहुतेक ठिकाणी ६ होता. ही माहिती ज्या जागेत लिहितात तिला एक्झिफ म्हणतात, जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने १९९५ मधे ते ठरवलं, आणि हा दिशेचा आकडा तर त्याच्याही आधीचा, १९९२ च्या टिफ फाईलच्या नियमांतून आलेला. म्हणजे गोष्ट तीसेक वर्षं जुनी आहे आणि तरी अजून लोकांचे फोटो आडवे पडतायत, कारण आकडा लिहिणं वेगळं आणि समोरच्याने तो वाचणं वेगळं.

आमच्यातल्या दोघांचे फोटो कधीच आडवे पडत नव्हते त्याचंही कारण निघालं. त्यांचे फोन ठिपके खरोखर फिरवून फाईल उभीच सेव्ह करत होते, आकडा १. बाकीच्यांचे फोन आकडा लिहून मोकळे. त्यातला कुठला फोन चांगला कुठला वाईट असं काही नाही, दोन्ही नियमाला धरूनच आहे.

मग साईटवर काय होत होतं? आपण मोठा फोटो चढवला की साईट त्याची लहान प्रत तयार करायची, पान लवकर उघडावं म्हणून. लहान प्रत करताना ठिपके घेतले, पोटातली माहिती टाकून दिली. माहिती टाकायची हे आम्हीच सांगितलं होतं, आणि ते मला आजही बरोबर वाटतं, कारण त्यात जीपीएसचे आकडे असतात. शेतात एकटा पडलेला कोरीव दगड नेमका कुठे आहे हे सगळ्या जगाला सांगायची गरज नाही, गावाचं नाव पुरे, नेमकी जागा आमच्या वहीत असते. पण माहिती टाकण्याआधी दिशेचा आकडा वाचून ठिपके फिरवायला हवे होते. आधी फिरवा, मग पुसा. इथे नुसतंच पुसलं जात होतं, खोकं आडवं तसंच आणि लेबल गायब.

मुलाने ते एका संध्याकाळीच दुरुस्त केलं. साईट पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत होती, त्यात फोटोसाठी पिलो नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतात आणि तिच्यात २०१९ पासून याच कामासाठी एक तयार फंक्शन आहे, आकडा वाचतं, ठिपके फिरवतं आणि आकडा काढून टाकतं. एक ओळ वाढवली त्याने, आणि ती लहान प्रत करण्याच्या आधी घातली. ज्यांच्या साईट वर्डप्रेसवर आहेत त्यांच्यासाठी सांगते, नोव्हेंबर २०१९ ला वर्डप्रेसची ५.३ आवृत्ती आली तेव्हापासून ते अपलोडच्या वेळी आपोआप फिरवतं, म्हणून जुनी आवृत्ती चालवत असाल तर आधी अपडेट करा, निम्म्या लोकांचं काम तिथेच होईल.

नवे फोटो सरळ जायला लागले. पण मधे एक गुंता झाला होता तोही सांगते, कारण त्याने आम्हाला जास्त छळलं. तोच मूळ फोटो माझ्या लॅपटॉपवर सरळ दिसायचा आणि आमच्या सरांच्या जुन्या कॉम्प्युटरवर आडवा. सर म्हणायचे आडवा आहे, मी म्हणायचे सरळ आहे, आणि दोघं आपापल्या जागी बरोबर. बहुतेक ब्राउझर आधी पानात लावलेल्या फोटोचा दिशेचा आकडा वाचतच नव्हते. तोच फोटो नुसता वेगळ्या टॅबमधे उघडला तर सरळ आणि पानात लावला की आडवा, असाही प्रकार व्हायचा. क्रोमने एप्रिल २०२० मधे ८१ व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सने त्याच वर्षी ७७ पासून पानातले फोटोही आकडा बघून दाखवायला सुरुवात केली. सरांच्या कॉम्प्युटरवर त्याच्या कितीतरी आधीचा ब्राउझर होता. म्हणून माझं सांगणं हे आहे की 'माझ्याकडे सरळ दिसतो' याच्यावर विश्वास ठेवू नका. ठिपके स्वतःच सरळ असले आणि आकडा १ असला, तर तो फोटो जुन्या नव्या कुठल्याही मशीनवर सरळच दिसणार.

इथपर्यंत मला वाटलं की संपलं. मग लक्षात आलं की काही फोटो अजूनही आडवेच जातायत, आणि ते फोनच्या गॅलरीतही आडवेच आहेत. त्यांचा आकडा बघितला तर कुठे १, कुठे ८, कुठे ३, काही मेळच नाही. हे सगळे फोटो एका प्रकारचे होते, जमिनीवर पडलेल्या दगडांचे.

पडलेल्या वीरगळाचा फोटो कसा काढतो आपण? त्याच्यावर वाकून, फोन जमिनीला समांतर धरून, सरळ खाली बघून. अशा वेळी गुरुत्वाकर्षणाची ओढ फोनच्या स्क्रीनमधून आरपार खाली जाते, डाव्या उजव्या कुठल्याच कडेला जात नाही. मग फोनला कळायला मार्गच नाही की वर कुठली बाजू. हात जरासा इकडे कलला तर एक आकडा, तिकडे कलला तर दुसरा, नाहीतर आधी जी दिशा होती तीच पुढे चालू. टेबलावर कागद ठेवून आधारचा, मार्कशीटचा फोटो काढतात आणि तो आडवा येतो ना, ते हेच आहे. तिथे साईटचा दोष नसतो.

म्हणजे दोन वेगळे आजार होते आणि लक्षण एकच. एकात फोनने आकडा बरोबर लिहिलाय पण पुढे कोणी वाचला नाही. दुसऱ्यात आकडाच चुकीचा. पहिल्यावर मशीन आपलं आपण औषध करतं, कितीही फोटो असू देत. दुसऱ्यावर मशीनचा उपयोग नाही, तिथे माणसाने डोळ्याने बघून ठरवायचं. हे न ओळखता सगळ्या फोल्डरवर एकच उपाय चालवला तर सरळ असलेले पण बिघडतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात लक्षात ठेवायची हीच एक गोष्ट आहे, आधी आकडा बघा, मग फोटोला हात लावा.

पडलेल्या दगडांची वर बाजू ठरवायला आम्ही सरांना घेऊन बसलो. बऱ्याच दगडांत सोपं असतं, चंद्रसूर्य दिसले की झालं. सतीशिळेत कोपरातून वर उभा केलेला हात असतो, बांगड्या भरलेला, पंजा वरच्या दिशेला, तिथेही शंका नाही. पण काही दगड दोन्ही टोकांना इतके झिजलेले की नुसते उंचवटे. त्यातल्या एकावर बराच वेळ बोलणं चाललं. मी एका टोकाला माथा म्हणत होते, दादा दुसऱ्या. सर शांतपणे म्हणाले, "टोकं सोडा हो, मधलं बघा. घोड्याचे पाय कुठे टेकलेत?" आणि खरंच, मधल्या एका चौकटीत घोड्याचे पाय आणि त्याच्या खालची पट्टी अजून शाबूत होती. पाय टेकलेत ती खालची बाजू. एका मिनिटात निकाल लागला. चौकटींच्या मधल्या पट्ट्या, माणसांचे पाय, लिंगाखालची बैठक, यांच्यावरून जवळजवळ सगळे सुटले.

आता फिरवायचे कसे. हे ऐकायला सोपं वाटतं पण जेपेग फाईल उघडून फिरवून परत सेव्ह केली की ती पुन्हा दाबली जाते आणि थोडी खराब होते. एकदा केलं तर डोळ्याला कळणार नाही. पण हा फोटो पुढे कोणी परत फिरवेल, कापेल, उजळ करेल, दर वेळी थोडं थोडं जाणार, आणि आमचं सगळं काम बारीक झिजलेल्या रेषांचं. म्हणून मी हट्ट धरला की एक ठिपकाही खराब न होता फिरवायचं.

ते करता येतं. जेपेगमधे फोटो छोट्या चौकोनांत तोडून साठवलेला असतो, ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन, आणि फोनच्या फोटोत रंगाची माहिती निम्म्याने कमी करून ठेवतात त्यामुळे प्रत्यक्षात १६ बाय १६ चे गट होतात. हे गट न उलगडता जसेच्या तसे उचलून दुसरीकडे मांडले आणि आतल्या आत फिरवले तर दाबादाबी परत होतच नाही. जेपेगट्रॅन नावाचं जुनं छोटं सॉफ्टवेअर हेच करतं. ज्यांना काळी खिडकी नको त्यांच्यासाठी विंडोजवर इरफानव्ह्यू आहे, त्यात शिफ्ट आणि जे दाबलं की लॉसलेस रोटेशनची खिडकी उघडते, एक्झिफ बघून आपोआप फिरवायचा पर्यायही तिथेच आहे. इमेजमॅजिक पण पुष्कळ लोक सुचवतात, त्याचा ऑटो ओरिएंट एका फटक्यात पूर्ण फोल्डर सरळ करतो, पण ते परत दाबून सेव्ह करतं, म्हणून साईटवरच्या लहान प्रतींना ठीक, मूळ फोटोला मी ते लावू देत नाही.

एक मजेशीर गोष्ट इथे कळली. ४०३२ बाय ३०२४ मापाचे फोटो अगदी बिनबोभाट फिरतात, कारण दोन्ही आकड्यांना १६ ने पूर्ण भाग जातो, २५२ आणि १८९. पण ४००० बाय ३००० च्या फोटोत ३००० ला १६ ने भागलं तर १८७.५ येतात, म्हणजे १८७ पूर्ण गट आणि ८ ठिपके उरतात. ती काठावरची अर्धी पट्टी फिरवताना नीट बसत नाही. सॉफ्टवेअर एकतर ती आठ ठिपक्यांची पट्टी कापून टाकतं, मग फोटो २९९२ चा होतो, नाहीतर ती कडेला वेडीवाकडी ठेवून देतं, नाहीतर फिरवायलाच नकार देतं, आपण काय सांगू तसं. आम्ही कापायला सांगितलं. आठ ठिपके म्हणजे बाजूचं गवत, दगडाचं काही जात नाही.

आणि ठिपके फिरवल्यावर आकडा १ करायला विसरायचं नाही, हे तर मी ग्रुपवर पिन करून ठेवलंय. ठिपके सरळ झाले आणि आकडा ६ च राहिला, तर आकडा वाचणारा ब्राउझर तो परत ९० अंश फिरवणार आणि फोटो दुसऱ्या कुशीवर पडणार. मग जुन्या मशीनवर सरळ आणि नव्या मशीनवर आडवा असा उलटाच प्रकार होतो. कुणाचा फोटो फिरवूनसुद्धा परत परत आडवा होत असेल तर शंभरात बहुतेक वेळा हेच असणार, आकडा तपासा. फोटोच्या पोटात १६० बाय १२० चं एक चिमुकलं चित्रही असतं, फोल्डरमधे झटकन दाखवायला, ते कधीकधी जुन्याच दिशेला राहतं. त्यामुळे फोल्डरमधे आडवा आणि उघडला की सरळ असं दिसलं तर घाबरू नका, ते चिमुकलं चित्र पण नवीन करून घ्यायचं किंवा काढून टाकायचं.

मूळ फाईल मात्र आम्ही वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवतो आणि तिथे ठिपक्यांना हात लावत नाही. ज्यांचा आकडा चुकीचा आहे त्यांचा फक्त आकडा एक्झिफटूलने बदलतो, तेवढ्याने गॅलरीत फोटो सरळ दिसायला लागतो आणि फोटोला काडीचाही धक्का लागत नाही. साईटला जाते ती फिरवलेली प्रत. हे दुहेरी काम वाटेल पण मूळ फोटो परत मिळत नसतो. रस्ता रुंदीकरणात, देवळाच्या जीर्णोद्धारात हे दगड हलतात, फरशीखाली जातात, ऑइलपेंटने रंगवले जातात. काही ठिकाणी आपण काढलेला फोटो हाच शेवटचा असतो.

काही जणांच्या नव्या फोनमधे फोटो जेपेग नसून हाइक (HEIC) प्रकारचे होते, आयफोनमधे २०१७ च्या आयओएस ११ पासून तसे निघतात. त्यात फिरवण्याची माहिती फाईलच्या वेगळ्याच कप्प्यात असते, आणि जेपेग करताना कुठलं ॲप ती कशी घेईल त्याचा भरवसा नाही. आम्ही त्यात शिरलोच नाही. सेटिंगमधे कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कंपॅटिबल एवढं करून घेतलं सगळ्यांचं, आता थेट जेपेग येतात.

फोटो काढतानाच काळजी घ्यायला लागलो त्याने सगळ्यात जास्त फरक पडला. पडलेल्या दगडाच्या पायथ्याशी उभं राहायचं, तोंड माथ्याकडे. फोन आधी नेहमीसारखा उभा धरायचा, कॅमेरा चालू करायचा, आणि मग हळूच पुढे वाकवत खाली न्यायचा. बहुतेक फोन आधीची दिशा धरून ठेवतात. फ्लॅशचं चिन्ह, टायमरचं चिन्ह स्क्रीनवर कुठल्या बाजूला डोकं करून आहे ते बघायचं, फोन फिरला असं त्याला वाटलं की ती चिन्हं फिरतात. ती दगडाच्या माथ्याकडे डोकं करून असली की दाबा. शिवाय पहिल्या फोटोत मापाच्या पट्टीशेजारी बाण काढलेली चिठ्ठी ठेवायची, बाणाचं टोक माथ्याकडे, पुढे कितीही वर्षांनी कुणीही बघितलं तरी शंका नको. चिठ्ठी ठेवायची, दगडावर खडूने काही लिहायचं नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल लावणारे लोक मी बघितलेत, कृपा करून करू नका, टॉर्च तिरपी धरली तरी अक्षरं दिसतात.

आता राहिले ते ज्यांचे मूळ फोटो कोणाकडेच नाहीत, फोन बदलला, मेमरी भरली म्हणून डिलीट झाले. त्यांच्या साईटवरच्या लहान प्रती आम्ही आहेत तशाच खराब न करता फिरवून सरळ केल्या आणि खाली 'मूळ फोटो उपलब्ध नाही' अशी ओळ टाकली. अशा गावांची यादी ग्रुपवर दिलीय. पावसाळ्यात गवत दगडाच्या वर जातं, काही दिसत नाही, त्यामुळे दिवाळी झाली की ज्याचं ज्या वाटेने जाणं होईल त्याने सकाळी आठच्या आत तिथे पोचून नव्याने फोटो काढायचे असं ठरलंय. पाटणच्या बाजूची चार-पाच गावं मी घेतलीत.